नाव आठवत नाही, गोळी घेतली का तेही आठवत नाही : वाचकांचे प्रश्न

उतारवयात डोकं तल्लख कसं ठेवायचं, याबद्दल आलेल्या पत्रांतली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : वय ६४. माणूस समोर आला की चेहरा ओळखीचा वाटतो, कुठे भेटलो होतो तेही आठवतं, पण नाव काही केल्या तोंडावर येत नाही. तो गेला की दहा मिनिटांनी आठवतं. घरचे थट्टेनं 'साठी बुद्धी नाठी' म्हणतात, मला मात्र मनातून धास्ती वाटते. ही डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) सुरुवात तर नव्हे?

उत्तर : दहा मिनिटांनी का होईना, नाव आठवतं, यातच निम्मं उत्तर आलं. नाव पुसलं गेलेलं नाही, सापडायला वेळ लागतो आहे. मेंदूचा वेग मंदावण्याची सुरुवात खरं तर तिशीच्या आसपासच होते, फक्त साठीपर्यंत ती फारशी जाणवत नाही. शब्दसंग्रह आणि अनुभवातून आलेली पारख बराच काळ टिकते. नावं सर्वांत आधी दगा देतात, कारण नावाला अर्थाचा आधार नसतो. समोरचा माणूस सुतार आहे हे विसरलात तर करवत, रंधा, त्यानं करून दिलेलं कपाट, यांतलं काहीतरी आठवण करून देतं. तो 'विनायक' आहे हे सुचवणारी अशी एकही खूण नसते.

काळजी करण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. तासाभरात तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला जातो आणि आधी विचारल्याचं गावीही नसतं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकते. आयुष्यभर चोख ठेवलेल्या हिशेबात गोंधळ व्हायला लागतो. चष्मा सापडत नाही, हे चालायचंच. तो फ्रिजमध्ये सापडतो आणि तिथे कसा गेला असेल याचा मागही काढता येत नाही, तेव्हा डॉक्टरांना दाखवावं. तक्रार कोण करतंय हेही पाहायला हवं. 'मला काही झालेलं नाही' असं ठासून सांगणारा माणूस आणि काळजीत पडलेले त्याचे घरचे, अशी जोडी दिसली तर तपासणी लांबवू नये. तुमच्यासारख्यांनीही, सहा महिन्यांत फरक वाढतोय असं वाटलं, तर एकदा स्मरणशक्तीची चाचणी करून घ्यावी. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, आणि पुढे कधी तुलना करायची वेळ आली तर आजचे गुण हाताशी असतात.

आता नावांबद्दल. ओळख होते त्या क्षणी आपलं लक्ष 'आता काय बोलू' याकडे असतं, त्यामुळे बरीचशी नावं मुळात आत शिरतच नाहीत. नीट ऐकू आलं नाही तर तिथल्या तिथे पुन्हा विचारा. पुढच्या वाक्यात ते एकदा वापरा. मग मिनिटभरानं मनात आठवून पाहा, निरोप घेताना पुन्हा, रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा. आठवायचं ते कागद न बघता. वहीत लिहून दहा वेळा वाचलेलं नाव ओळखीचं होतं, पण गरजेला आठवेलच असं नाही.

नाव जिभेवर येऊन अडकलं तर फार ताणू नका. बहुतेक वेळा त्या जागी दुसरंच एखादं नाव ठाण मांडून बसलेलं असतं आणि आपण जितका जोर लावू तितकं तेच पक्कं होत जातं. विषय सोडून द्या किंवा सरळ शोधून काढा. सापडलं की दोन-तीनदा मोठ्यानं म्हणा, नाहीतर पुढच्या वेळी त्याच जागी पुन्हा अडकाल.

प्रश्न : सकाळची गोळी घेतली की नाही हे दुपारी आठवत नाही. मोबाइलवर गजर लावला आहे, तरी घोळ होतोच. दोनदा घेतली गेली तर?

उत्तर : गजराचा घोळ कुठे होतो ते पाहा. तो वाजतो तेव्हा तुम्ही न्हाणीघरात किंवा फोनवर असता, 'घेतोच आता' म्हणून बंद करता, आणि विषय तिथेच संपतो. म्हणून नियम असा : गोळी तळहातावर आल्याशिवाय गजर बंद करायचा नाही. तोपर्यंत वाजू दे.

त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे खणांचा डबा. सात दिवसांचे सकाळ-रात्र असे चौदा खण असलेला घ्या आणि आठवड्याच्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, उजेडात बसून भरा. बाकीच्या पट्ट्या नजरेआड ठेवा. समोर असल्या की त्यांतूनच एखादी काढून घेतली जाते आणि डब्याचा अर्थच राहत नाही. 'घेतली का?' हा प्रश्न स्मरणशक्तीला विचारायचाच नाही, खण रिकामा आहे की भरलेला ते बघायचं. मात्र काही गोळ्यांना हवेतला ओलावा सोसत नाही. रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगॅट्रानच्या कॅप्सूल मूळ वेष्टनातच ठेवाव्या लागतात, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरिनच्या गोळ्याही मूळ बाटलीतच. डबा भरण्यापूर्वी औषधविक्रेत्याला पट्ट्या दाखवून विचारून घ्या.

पुढे करायच्या कामाची आठवण घड्याळापेक्षा एखाद्या कृतीला बांधली तर जास्त पक्की बसते. 'आठ वाजता गोळी' यापेक्षा 'दात घासून ब्रश जागेवर ठेवला की लगेच गोळी'. हे वाक्य 'अमुक झालं की तमुक करीन' अशा ठामपणे एकदा मोठ्यानं म्हणा आणि ती कृती करताना स्वतःला डोळ्यांसमोर आणा. ब्रशशेजारी डबा ठेवता आला तर फारच छान, फक्त न्हाणीघरातल्या दमट हवेत नको. गॅस किंवा कुलूप बंद केल्याचा संशय येणाऱ्यांनीही बंद करताना 'गॅस बंद, मंगळवार' असं तोंडानं म्हणावं. रोजची कृती इतकी सारखी असते की कालची आठवण आणि आजची आठवण एकमेकींत मिसळतात. वाराचं नाव त्यांना वेगळं करतं.

संशय आला तर 'असू दे' म्हणून दुसरी गोळी घेऊ नका. साखर कमी करणारी आणि रक्त पातळ करणारी औषधं, हृदयाचे ठोके आवरणारी औषधं यांत दुहेरी मात्रा महागात पडते. डोस चुकला तर काय करायचं, हे प्रत्येक औषधासाठी आधीच विचारून डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा.

प्रश्न : रोज शब्दकोडं आणि सुडोकू सोडवते. मुलानं 'ब्रेन ट्रेनिंग'चं अ‍ॅपही घेऊन दिलं आहे. याचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर : सुडोकू सोडवून सुडोकू चांगलं जमायला लागतं, एवढं नक्की. त्यापलीकडे फारशी खात्री देता येत नाही. या विषयावरचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. पासष्टीपुढच्या २,८०२ लोकांचे गट करून कोणाला स्मरणाचं, कोणाला तर्काचं, कोणाला नजरेच्या वेगाचं प्रशिक्षण दिलं, प्रत्येकी सुमारे तासाभराच्या दहा बैठका. ज्याचा सराव केला त्यातच सुधारणा झाली. तर्क आणि वेग यांतला फायदा दहा वर्षांनीही मोजता आला, स्मरणाच्या गटातला मात्र तोवर विरून गेला होता.

कोडी सोडा, असं आमचं म्हणणं नाही. आनंद मिळत असेल तर सोडवा. पण वीस वर्षं तेच कोडं सोडवणाऱ्याला त्यात नवं काही उरत नाही, हात आपोआप चालतो. मेंदूला काम द्यायचं तर ते नवं हवं, दर दहा प्रयत्नांत दोन-तीन चुकतील इतकं अवघड हवं आणि त्यात चूक लगेच कळायला हवी. नवी भाषा, एखादं वाद्य, पत्त्यांचा डाव मोजून खेळणं, नाटकातली भूमिका पाठ करणं, यांपैकी काहीही. चार माणसांत बसून करायचं असेल तर दुप्पट चांगलं, कारण संभाषणाइतका व्यायाम कोणतंच अ‍ॅप देत नाही. ऐकायचं, अर्थ लावायचा, आठवायचं, उत्तर जुळवायचं, आणि हे सगळं एका दमात.

भाषा शिकत असाल तर वाचण्यापेक्षा आठवण्यावर वेळ घालवा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते. आठवड्यानंतरच्या परीक्षेत न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. रोज दहाच शब्द घ्या. त्याच दिवशी संध्याकाळी न बघता म्हणून पाहा, मग दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्यानं आणि तीन आठवड्यांनी. चुकलेला शब्द पुन्हा पहिल्या दिवसापासून. पुस्तक उघडून 'हे तर येतंच' असं वाटणं फसवं असतं, बंद करून म्हणता आलं तरच येतं.

प्रश्न : सासरे ७४ वर्षांचे. हल्ली गप्पांत भाग घेत नाहीत, विचारलेलं एक आणि उत्तर भलतंच, टीव्हीचा आवाज मोठा, आणि आम्ही 'काहीतरी लपवून बोलतो' अशी त्यांची तक्रार. स्मृतिभ्रंश असेल का?

उत्तर : आधी कान तपासा. टीव्हीचा आवाज आणि भलतं उत्तर, दोन्ही तिकडेच बोट दाखवतात. वयोमानानं आधी जातात ते उंच पट्टीचे सूर. स, श, फ, थ, ट अशा व्यंजनांची ओळख त्यांवरच बरीचशी अवलंबून असते; स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ऐकू येत राहतात. म्हणून माणूस म्हणतो, 'ऐकू येतं, पण कळत नाही.' अर्धवट शब्द जोडून वाक्य लावण्यातच त्यांची शक्ती खर्च होते, ते लक्षात ठेवायला काही उरत नाही. मग 'मी सांगितलं होतं ना' यावरून खटके उडतात आणि शेवटी माणूस गप्प बसणं पसंत करतो.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाचे चौदा टाळता येण्याजोगे धोके मांडले. सगळे आटोक्यात आणता आले तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात सर्वांत मोठा वाटा असलेले घटक दोन : बहिरेपणा आणि वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल. श्रवणयंत्र लावल्यानं घसरण थांबते का, हे २०२३ मध्ये ९७७ लोकांवरच्या तीन वर्षांच्या चाचणीत पाहिलं गेलं. सगळ्यांना धरून फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्या गटात मात्र घसरणीचा वेग जवळपास निम्म्यावर आला. तेव्हा यंत्र म्हणजे डिमेन्शियावरची लस नव्हे; पण सासरे पुन्हा गप्पांत आले तरी पैसे वसूल.

क्रम असा ठेवा. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून मळ काढून घ्या, कधी कधी तेवढ्यानंच काम होतं. मग बंद खोलीत ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं ते मोजणारी चाचणी. वीस डेसिबलपेक्षा हळू आवाज ऐकू आला तर श्रवण ठीक, ३५ ते ५० म्हणजे मध्यम बहिरेपणा, आणि इथे यंत्राचा विचार हवाच.

यंत्र खणात जाऊन पडतं ते पहिल्या पंधरवड्यात. आपलाच आवाज घुमतो, भांड्यांचा खडखडाट कानात शिरतो, पंखा घोंघावतो. वर्षानुवर्षं न ऐकलेले आवाज बाजूला सारायला मेंदूला पुन्हा शिकावं लागतं, त्याला चार ते सहा आठवडे लागतात. सुरुवात घरात, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना, रोज दोन-तीन तास. मग वेळ वाढवत न्या. लग्नाच्या हॉलमध्ये पहिल्याच दिवशी लावून नेलं तर ते पुन्हा लावणार नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी सेटिंग बदलून घ्यायला जायचंच, पहिलं सेटिंग क्वचितच शेवटचं असतं. शिट्टी वाजत असेल तर साचा नीट बसलेला नाही किंवा कानात मळ आहे. आवाज अचानक खोल गेला तर टोकाची जाळी मळानं बुजलेली असते, ती बदलायची. छोट्या गोल सेलवरचा कागद काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मगच झाकण लावा. घाई केली तर सेल नीट चालत नाही.

बोलताना समोर या, चेहऱ्यावर उजेड असू द्या, आधी नाव घेऊन लक्ष वेधा. ओरडू नका, ओरडल्यानं शब्द फाटतात. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्यानं म्हणण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगा. आणि याच फेरीत डोळेही तपासून घ्या. दिसण्यातली कमतरता हा त्या चौदांपैकीच एक धोका आहे, आणि मोतीबिंदूवर तर इलाज आहे.

प्रश्न : वय ५८. बीपीची गोळी चालू आहे, पण काही त्रास होत नाही म्हणून अधूनमधून घेतो. मेंदूशी त्याचा काय संबंध?

उत्तर : घनिष्ठ. मेंदूच्या आतल्या भागात केसासारख्या बारीक धमन्या जातात. वर्षानुवर्षांच्या दाबानं त्यांच्या भिंती जाड होतात आणि पुढचा भाग उपाशी राहतो. हे चालू असताना काहीच दुखत नाही, म्हणून 'त्रास होत नाही' याला अर्थ नाही. चाळीस ते पासष्ट या वयातला दाब पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचं भवितव्य ठरवतो. पन्नाशीपुढच्या नऊ हजारांहून अधिक लोकांवरच्या अमेरिकी चाचणीत एका गटाचा वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य होतं. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, स्मरण आणि विचार यांतली सौम्य घट त्या गटात सुमारे एक पंचमांशानं कमी दिसली. डिमेन्शियाचे रुग्णही कमी होते, पण खात्रीनं सांगण्याइतका तो फरक नव्हता. मधुमेह किंवा आधी पक्षाघात झालेले लोक त्या चाचणीत नव्हते, म्हणून १२० हा आकडा सरसकट स्वतःला लावू नका. तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील.

त्यांना ठरवता यावं म्हणून घरी मोजा, पण नीट. दंडावर पट्टा बांधायचं यंत्र घ्या. पट्टा दंडाच्या घेराला साजेसा हवा, लहान पट्टा दाब उगाच जास्त दाखवतो. अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पायावर पाय नको. दंड उघडा, टेबलावर टेकलेला, पट्टा छातीच्या पातळीत. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, आवडलेला एकच नव्हे. सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

सत्तरीपुढच्यांनी उभं राहूनही मोजावं, एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरत असेल तर उठताना भोवळ येऊन पडण्याची भीती असते. अशा वेळी गोळी स्वतःच बंद न करता डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : वय ७०. नऊला आडवी होते, दोनला टक्क जाग येते, मग सहापर्यंत कूस बदलत तासाभराची डुलकी लागते. पाच वर्षं झोपेची गोळी घेते आहे. दिवसा डोकं जड राहतं.

उत्तर : तुमचा हिशेब मांडू. बिछान्यात नऊ तास, झोप साधारण सहा. उरलेले तीन तास पडून राहण्याचे, आणि त्यातूनच बिछाना म्हणजे जागरणाची जागा अशी सवय लागते. आठवडाभर कधी आडव्या झालात, अंदाजे किती झोप लागली आणि कधी उठलात ते लिहा. सरासरी सहा तास आली तर बिछान्यात सहाच तास राहायचं : बारा ते सहा. पाच तासांच्या खाली कधीच यायचं नाही. पहिले आठ-दहा दिवस जड जातात, संध्याकाळी डोळे मिटायला लागतात, आणि नेमके इथेच बहुतेक जण सोडून देतात. झोप सलग होऊन बिछान्यातल्या वेळेच्या ८५ टक्के भरली की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवा. उठण्याची वेळ मात्र काहीही झालं तरी एकच. वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, पेंग आली की परत या. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. दुपारी तीनच्या आत अर्ध्या तासाची डुलकी चालेल. संध्याकाळी भरपूर उजेडात बसलात तर लवकर येणारी पेंग पुढे ढकलली जाते. फेफरं येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असणाऱ्यांनी आणि वाहन चालवणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा.

दिवसाच्या जडपणात गोळीचा वाटा असण्याची शक्यता मोठी आहे. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचा अंमल म्हाताऱ्या शरीरात लांबतो, स्मरणावर परिणाम होतो, रात्री उठताना तोल जातो. पण पाच वर्षांची गोळी एका रात्रीत बंद करू नका. त्यानं फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा थोडी थोडी कमी करत, प्रत्येक पायरीवर दोनेक आठवडे थांबत उतरतात. प्रत्येक पायरीनंतर चार-पाच रात्री वाईट जातात. तो गोळी सुटत असल्याचा परिणाम असतो, गोळीची गरज असल्याचा पुरावा नव्हे.

तिच्या जागी सर्दीची गोळी घेऊ नका. डायफेनहायड्रामिन, क्लोरफेनिरामिन यांनी पेंग येते खरी, पण ती औषधं असेटिलकोलिनला अडवतात, आणि स्मरणाला तेच रसायन लागतं. लघवी आवरण्यासाठीची ऑक्सिब्युटिनिन आणि नैराश्यावरची जुन्या पठडीतली अमिट्रिप्टिलिनही त्याच जातकुळीतली. अशा दोन-तीन गोळ्या वेगवेगळ्या डॉक्टरांकडून चालू असतात आणि बेरीज कोणीच करत नाही. घोरणं मोठं असेल, मध्येच श्वास अडकतो असं कोणी सांगत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी झोपेची तपासणी करून घ्या.

प्रश्न : रोज चालतो. तेवढं पुरे का?

उत्तर : किती वेगानं? चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हा वेग. आठवड्याला अशी १५० मिनिटं तरी हवीत. २०११ च्या एका चाचणीत बैठ्या जीवनाच्या १२० वयस्कांपैकी निम्म्यांनी वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटांपर्यंत चालण्याचा व्यायाम केला. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग त्यांच्यात सुमारे दोन टक्के वाढला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटात तो आकसला.

नुसत्या चालण्यानं मांड्यांची ताकद आणि तोल मात्र राखला जात नाही. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोलाचे व्यायाम जोडा. स्वतःची परीक्षा घ्या : भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची, हात छातीवर घडी घालून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयात पुरुषांना बारा आणि बायकांना अकरापेक्षा कमी जमत असेल तर सरासरीच्या खाली आहात. तोलासाठी ओट्याला बोटं टेकवून एका पायावर दहा सेकंद, मग बोटं उचलून. पडून डोक्याला मार लागणं हाही मेंदूचा धोकाच आहे.

प्रश्न : यजमान निवृत्त झाल्यापासून घुमे झालेत. काहीही विचारलं की 'आठवत नाही' म्हणतात. पेपरही उघडत नाहीत.

उत्तर : उदासीनतेचा आजार (डिप्रेशन) असा दिसतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण सहसा चूक झाकतो, काहीतरी उत्तर देऊन टाकतो. उदासीनतेचा रुग्ण प्रयत्नच करत नाही, 'आठवत नाही' म्हणून मोकळा होतो. हा ठोकताळा आहे, निदान नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन कशातच रमत नसेल, भूक-झोप बदलली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि थायरॉइड व बी-१२ तपासून घ्या. उपचारानं स्मरणही बऱ्याचदा सुधारतं. पण उतारवयात पहिल्यांदाच आलेली उदासीनता कधी कधी डिमेन्शियाची चाहूल असते, म्हणून बरं वाटल्यावरही सहा महिन्यांनी स्मरणाची चाचणी करावी. जगण्यात रस नाही, अशा अर्थाचं काही बोलले तर त्याच दिवशी जा, आणि त्यांना एकटं ठेवू नका.

'बाहेर जा, मन रमवा' असं सांगून कोणी जात नाही. कोणीतरी वाट पाहत असेल असं काम द्या : ठरलेल्या वारी नातवाला शिकवणं, एखाद्या संस्थेचे हिशेब बघणं. न गेल्यास फोन येईल, अशी ती जागा हवी.

प्रश्न : स्मरणशक्तीसाठी कोणतं टॉनिक चांगलं?

उत्तर : कोणतंही नाही. गिंको या झाडाच्या पानांचा अर्क तीन हजारांहून अधिक वयस्कांना वर्षानुवर्षं रोज २४० मिलिग्रॅम देऊन पाहिला. डिमेन्शिया टळला नाही, असं २००८ मध्ये जाहीर झालं. बी-१२ कमी असेल तर ते भरून काढणं हा मात्र खरा उपचार आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी ओमेप्राझोलसारखी गोळी अनेक वर्षं घेणाऱ्यांनी आणि प्राणिजन्य पदार्थ अजिबात न खाणाऱ्यांनी ते तपासावं.

प्रश्न : आई ८१ वर्षांची, परवापर्यंत खणखणीत. दोन दिवसांपासून असंबद्ध बोलते, रात्री खोलीत माणसं दिसतात म्हणते, सकाळी बरी असते, संध्याकाळी पुन्हा तेच. वय झालं म्हणायचं का?

उत्तर : अजिबात नाही. डिमेन्शिया महिन्या-वर्षांत येतो, दोन दिवसांत नव्हे. हे डिलिरियम, म्हणजे अचानक उद्भवणारा मेंदूचा गोंधळ, दिसतं आणि त्यामागे शरीरातलं काहीतरी बिघडलेलं असतं : लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, साखर उतरणं, सोडियम कमी होणं (बीपीच्या काही गोळ्यांनी होतं), नवं सुरू झालेलं औषध. म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येईलच असं नाही. आजच डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, जीभ जड होणं, जाग न येणं, यांपैकी काही असेल तर थेट रुग्णालयात. गेल्या काही आठवड्यांत डोक्याला किरकोळ मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही लगेच सांगा. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचून महिन्याभरानंही अशी लक्षणं येतात.

याचा दुसरा प्रकार जास्त फसवा असतो. माणूस बडबडत नाही, उलट दिवसभर गुंगीत पडून राहतो, आणि घरच्यांना वाटतं, दमली असेल, झोपू दे.

तपासणी होईपर्यंत त्यांचा चष्मा आणि श्रवणयंत्र लावून ठेवा, खोलीत रात्रीही मंद दिवा असू द्या, ओळखीचं एकच माणूस जवळ बसू द्या. दिसणाऱ्या माणसांवरून वाद घालू नका. 'मला दिसत नाही, पण मी इथेच आहे' एवढं पुरे. शुद्धीवर नीट असतील तेव्हाच घोट घोट पाणी पाजा. शांत करण्यासाठी घरातली झोपेची गोळी देऊ नका, त्यानं बिघडतं. कारण सापडून उपचार झाले तरी पूर्ण ताळ्यावर यायला कधी काही आठवडे लागतात, तोवर स्मरणाची चाचणी करून उपयोग नाही.

निघताना कागदावर लिहून न्या : नीट कधीपर्यंत होत्या, पहिला फरक कोणत्या वेळी दिसला, शेवटची लघवी आणि शौच कधी झालं. आणि औषधांची सगळी पिशवी न्या. चालू गोळ्या, गेल्या महिन्यात बंद केलेल्या, सर्दीसाठी शेजाऱ्यांनी दिलेल्या, आणि डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा.